दुरुस्तीची लोकर

१२ मार्च

ठकू,

ढब्बूचा स्वेटर आज पोस्टात टाकला. पाठीवर उंचवटे दिसतील, ती चूक नाही, तो सुरवंट आहे. परसातल्या कोबीच्या पानावर एक लठ्ठ हिरवा सुरवंट आधी पाठ उचलायचा, मग पुढे सरकायचा. हा तर आपला ढब्बू! रांगायचा तेव्हा हुबेहूब असाच सरकायचा. पान तोडून घरात आणलं, टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत सुयांवर टाके घातले. कोबी गेला, पण नमुना मिळाला. जावईबापूंना एवढंच सांग की इस्त्री नको. गेल्या वेळी त्यांनी शेवाळाच्या नमुन्यावर इस्त्री फिरवून त्याचं पोतेरं केलं होतं.

आतल्या शिवणीला नेहमीसारखी दुरुस्तीची लोकर बांधली आहे. कुठे ओढलं गेलं, विरलं, तर त्याच लोकरीने भर. दुसरी लावलीस तर दहा हातांवरून दिसेल.

आता मुंगीचं माप पाठव. ऑक्टोबरात वाचनालयाचं हस्तकलेचं प्रदर्शन आहे आणि यंदा मला पहिलं बक्षीस हवं म्हणजे हवंच. दरवर्षी ती क्रोशावाली आडवी येते. बाई गुलाबापलीकडे काही बघत नाही, गुलाबसुद्धा छापील पुस्तकातला. पण परीक्षक तिच्या नवऱ्याकडे दात काढायला जातात, तिथे मी काय बोलणार? मला पुस्तक लागत नाही. दोन नातवंडं आणि मागचं परसू एवढं मला मरेपर्यंत पुरेल.

फोन करू नकोस. मला हल्ली 'हो' आणि 'नको' सारखंच ऐकू येतं, मग तू चिडतेस आणि मी खोटं खोटं हसते. पत्रच बरं.

आई

२ एप्रिल

आई,

सुरवंट अंगावरून उतरतच नाही. ढब्बू काल तो घालूनच झोपला. तुझ्या जावयांनी इस्त्रीला हात लावलेला नाही, तुझं पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

मुंगीच्या मापाची सुतळी सोबत आहे. पहिली गाठ बाहीची, दुसरी छातीची, शेवटची उंचीची. बाहीची गाठ लांब वाटली तरी चुकून मारलेली नाही, तिला बाही बोटांच्या पेरांपर्यंत हवी आहे. गळा उंच आणि बंद. रंग गडद. आणि आई, नमुना नको, अगदी साधा कर. तिनेच तसं सांगितलं आहे.

बाकी ठीक. दुकानात गर्दी असते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत 'आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?' विचारायचं, मग घरी आल्यावर कुणाकडे बघावंसं वाटत नाही. मुंगी तिच्या खोलीत रंगपेटी घेऊन बसलेली असते. तपकिरी तेवढा सारखा संपतो, बाकीचे रंग तसेच पडून आहेत. परवाच तिसरी बाटली आणली.

ठकू

११ एप्रिल

ठकू,

साधा स्वेटर दुकानात मिळतो. त्यासाठी आजी लागत नाही.

आणि अकरा वर्षांची पोर उंच गळा, गडद रंग मागते? हे तुझं डोकं. तू लहानपणापासून अशीच, राखाडी फ्रॉक घालून भिंतीला चिकटून उभी राहायचीस. तिला तुझ्यासारखी करू नकोस. मी गडद रंग घेईन, बाहीही लांब करीन, पण नमुना माझा राहील.

तपकिरीचं वाचून मात्र मला रडूच आलं. बघ, रक्त बोललं! तपकिरी संपतो म्हणजे पोर झाडं काढते आहे. खोड, साल, माती, वाळलेली पानं. हिरवा कुणीही संपवतो, तपकिरी संपवायला नजर लागते. तिच्यासाठी तपकिरी रंगाचा आख्खा खोका पाठवते आहे, सगळ्या छटांचा. सांग तिला, आजीने ओळखलं म्हणून.

सुट्टीत तिला माझ्याकडे धाड. अक्रोडाचं झाड यंदा भरगच्च आहे. दोघी खाली बसून साली बघू.

आई

१९ मे

आई,

मुंगी शनिवारच्या बसने येते आहे. शेजारच्या बाई त्याच बसने पुढे जाणार आहेत, त्या उतरवून देतील.

काही गोष्टी आधीच लिहिते. ती आंघोळ एकटी करते, दार वाजवू नकोस. उन्हातही लांब बाह्या घालते, त्यावरून टोकू नकोस. तुझ्या पाहुण्यांपुढे उभी करू नकोस. आणि काही विचारू नकोस, आई. तिला वाटलं तर ती सांगेल. वय तसं आहे, एवढंच समज.

खोका मिळाला. तिने तो उघडून एकेक छटा बघितली. मग म्हणाली, "आजीला कसं कळलं?"

ठकू

१४ जून

ठकू,

तुझी पोर काल पोचली असेल. आता माझं ऐक.

माझ्यापासून लपवलंस? मी काय परकी आहे? 'वय तसं आहे' म्हणे! पोरीच्या अंगावर कोड आलंय आणि तू मला बाहीच्या मापाची सुतळी पाठवतेस!

मी काही विचारलं नाही. आम्ही मागे लोकर धूत होतो. बादलीत हात घातल्यावर तिची बाही भिजली, तिने ओढून वर केली आणि मग तिच्या लक्षात आलं. तपकिरी पाणी कोपरावरून ओघळत होतं. मला आधी वाटलं, लोकरीचा रंग गेला. मग तिच्या हातावरचे फिकट ठिपके दिसले. कोपराशी मोठा, खाली लहान लहान, मानेवर एक पानाएवढा. पोर थिजून उभी. तेव्हा मला तो तपकिरी खोका आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी रंगवत बसायची ना ती? आणि मी झाडं बघत होते.

पण ठकू, पुढचं वाच. आम्ही अक्रोडाखाली उभ्या होतो. वरून पानांतून ऊन गळत होतं, जमिनीवर, बादलीवर, तिच्या हातांवर. आणि खरं सांगते, तिच्या हातावर ऊन कुठलं आणि डाग कुठला हे मला कळेना. मी म्हटलं, "अगं, हे कवडसे आहेत. सगळ्यांच्या अंगावरून सरकून जातात, तुझ्या अंगावर राहिले, झालं." तिने हात उन्हात धरला, मागे घेतला, पुन्हा धरला. आणि हसली. खळखळून हसली गं. मला नीट ऐकू येत नाही तरी ऐकू आलं.

त्यानंतर पूर्ण मुक्कामभर बाह्या वर. पोस्टमनसमोरसुद्धा. "आजी, कवडसे आले बघ," म्हणून सकाळी हात पुढे करायची. जाताना मला म्हणाली, "हे नाव आपल्या दोघींचंच हं." मी म्हटलं, बरं.

दुपारी ती झाडाखाली झोपली असताना मी तिचे हात चौकड्यांच्या कागदावर उतरवून घेतले. एकेक ठिपका जिथल्या तिथे. असा नमुना मला जन्मात मिळाला नव्हता. दोन ठिपके सारखे नाहीत, आणि तरी सगळे मिळून किती शांत दिसतात! अक्रोडाच्या सालीच्या रंगाची लोकर आणली आहे, आणि ठिपक्यांना सायीच्या रंगाची. हातात सुया घेतल्या की खाली ठेववत नाहीत.

आई

३ जुलै

आई,

लपवलं, खरं आहे. लिहायला बसले की तो शब्द कागदावर उतरायचा नाही. तू एका फटक्यात लिहून टाकलास. तुझं मला नेहमीच नवल वाटत आलंय.

डॉक्टर म्हणतात, दुखत नाही, कुणाला लागत नाही. वाढेल किंवा आहे तिथेच थांबेल, आत्ताच काही सांगता येत नाही. मी एवढंच घेऊन बसले होते. 'वाढेल' एवढंच मला ऐकू आलं, बाकीचं नाही. त्यामुळे बाह्या लांब, गळे उंच. ती मागते म्हणून मी देत गेले, की मी देते म्हणून ती मागत गेली, देव जाणे.

तुझ्याकडून आल्यापासून घरात अर्ध्या बाहीने वावरते. काल ढब्बूने तिच्या हातावर बोट ठेवून विचारलं, तर तिने त्याला खिडकीपाशी नेऊन कवडसे दाखवले. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. तपकिरी खोका कपाटाच्या वर ठेवला आहे, तिनेच ठेवला. आई, जे मला वर्षभरात जमलं नाही ते तू एका दुपारी केलंस. मी तुझ्याशी फार कोरडी वागते, मनात धरू नकोस.

शाळेत जाताना मात्र अजून जुन्या बाटलीतला रंग लावते. तिथे कुणाला माहीत नाही. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. तोवर कुणाजवळ बोलू नकोस, एवढं माझं ऐक.

"आजीचा स्वेटर कधी येणार?" असं रोज विचारते.

ठकू

२१ ऑक्टोबर

ठकू! पहिलं!

पहिलं बक्षीस! क्रोशावालीचं तोंड बघायला हवं होतंस. गुलाबांचा अंथरुणाएवढा ढीग घेऊन बसली होती आणि लोक तिला ओलांडून माझ्या टेबलाशी येत होते. परीक्षकांनी स्वेटर उलटा करून आतली बाजूसुद्धा बघितली. एकही गाठ सापडली नाही. एक म्हणाले, "बाई, हे तुम्हाला सुचलं कुठून?" मी खरं ते सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले गं.

मग वर्तमानपत्रातली मुलगी घरी आली. चांगली होती, चहा घेतला, परसू बघितलं, झाडाखाली बसली. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान आलंय, कात्रण सोबत आहे. मथळा बघ: 'नातीच्या अंगावरचे कवडसे'. मी नाव दिलेलं नाही, काळजी नको. नुसतं 'माझी नात' म्हटलं आहे. तू जे लपवत होतीस ते बघून लोक हळहळले नाहीत, ठकू. सुंदर म्हणाले. मुंगीला हे वाचून दाखव.

स्वेटर वेगळ्या पार्सलने येतोय. दुरुस्तीची लोकर बांधली आहे, दोन्ही रंगांची. साय थोडी आहे, तपकिरी जास्त आहे.

आई

२ नोव्हेंबर

आई,

नाव दिलं नाहीस. पण फोटोत तू स्वेटर धरून उभी आहेस आणि मागच्या फळीवर मुंगीचा फोटो आहे. गणवेशातला.

तो पेपर शाळेत येतो. तिच्या वर्गशिक्षिका भल्या आहेत, त्यांना कौतुक वाटलं. त्यांनी सोमवारी ते पान कापून फळ्याशेजारी लावलं आणि मुंगीला पुढे बोलावून वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत त्याच मुलींनी तिची बाही वर केली आणि ओला रुमाल घासून बघितला.

आता तिचं नाव कवडसा आहे. "कवडसा आली, सरका, सरका." बाकावर शेजारी कुणी बसत नाही. एकीने घरून चिठ्ठी आणली आहे, जागा बदलून द्या म्हणून. दुसरा एखादा शब्द असता तर तिने ऐकून सोडून दिला असता, वाईट शब्द तिने मनाशी गृहीत धरलेच होते. हा शब्द तिच्याकडचा चांगला होता. ती घरी येऊन मला एवढंच म्हणाली, "ते आमच्या दोघींचं नाव होतं."

आज्या नातीचं कोडकौतुक करतात. तू कोडाचं कौतुक केलंस, आणि तेही चारचौघांत.

मला कांजिण्या आल्या होत्या तेव्हाचं आठवतं का तुला? मी बरी झाल्यावर तू पांढऱ्या स्वेटरवर लाल गाठी विणल्या होत्यास, माझ्या अंगावर होत्या तशाच, आणि तो घालून मला शाळेच्या समारंभात उभं केलंस. सगळे पोट धरून हसले. तूही हसलीस. त्यानंतर मी राखाडी फ्रॉक मागायला लागले, आई. भिंतीला मी जन्मापासून चिकटलेली नव्हते.

ती झोपली असताना तू तिचे हात उतरवून घेतलेस हे जूनच्या पत्रात वाचलं होतं. तेव्हा मला ते प्रेम वाटलं. दिवसभर लोकांच्या काचा बदलते आणि माझ्या आईला काय दिसतं ते मला कळू नये!

खोका पुन्हा खाली आला आहे. तिला पत्र लिहू नकोस.

ठकू

१० नोव्हेंबर

ठकू,

वाचलं. परत परत वाचलं.

त्या पोरींच्या आया कोण आहेत ते सांग, मी एकेकीला सरळ करते. बाही वर करणाऱ्या त्या. चिठ्ठ्या आणणाऱ्या त्या. आणि गुन्हेगार मी?

मी तिच्यात सुंदर काही बघितलं हा माझा अपराध. तू काय बघितलंस? तू बाही पेरांपर्यंत वाढवून मागितलीस. सुतळीला गाठी मारून! पोरीला लाज कुणी शिकवली, मी की तू? माझ्याकडे ती उघड्या हातांनी बागडत होती.

कांजिण्यांचा स्वेटर मला आठवतो. लोक तुला हसले नव्हते, स्वेटरला हसले होते, आवडला म्हणून. तू एवढी वर्षं मनात धरून बसलीस आणि मला कधी बोलली नाहीस. मला कसं कळणार? मला जे दिसतं ते मी विणते. दुसरं मला काही येत नाही. सुरवंट बघितला, सुरवंट विणला. त्याची परवानगी घेतली नव्हती.

हे शेवटचं वाक्य लिहून झालं आणि मला ते आवडलं नाही. पण खोडत नाही, तू म्हणशील लपवलं.

तिला लिहू नको म्हणालीस, नाही लिहीत. तिला विचार, स्वेटर अंगाला बसला का.

आई

६ जानेवारी

प्रिय आजी,

आईने लिहू नको सांगितलं होतं, मग म्हणाली लिही. म्हणून लिहिते.

स्वेटर बरोबर बसला. खूप ऊबदार आहे. इथे फार थंडी आहे आणि मी तो रोज शाळेत घालते, तुला वाईट वाटू नये म्हणून सांगते. बाही लांब केलीस ते बरं केलंस.

मी फक्त ठिपके भरले आहेत. तू शिवणीला बांधलेल्या तपकिरी लोकरीने, आईची मोठी सुई घेऊन. पहिल्यांदा वेडंवाकडं झालं, ते उसवलं आणि पुन्हा केलं. डाव्या हाताचे सगळे झाले, उजव्याचे पण झाले. लांबून कळत नाही. जवळून थोडं जाड लागतं.

मानेवरचा एक राहिला आहे आणि लोकर संपली. इथल्या दुकानात बघितलं, पण तसा रंग नाही, आणि तूच सांगितलं आहेस की दुसरी लावली तर दिसते. आणखी थोडी पाठवशील का? जास्त नको, एका ठिपक्यापुरती.

ढब्बू मला अजून कवडसा म्हणतो. तो लहान आहे, त्याला वाटतं ते चांगलं नाव आहे.

अक्रोडाची पानं गळली का?

मुंगी

१५ जानेवारी

मुंगे,

लोकर सोबत आहे.

दुकानात त्या रंगाची उरली नव्हती. तुझ्या स्वेटरची लोकर राहिली होती तिचे मी स्वतःला हातमोजे विणले होते, ते उसवले. उसवलेली लोकर कुरळी असते, म्हणून धुऊन, वजन लावून, सरळ करून वाळवली आहे. तुला पुरेल, थोडी उरेलही. उरलेली जपून ठेव.

जाड लागतं याचं कारण तू टाक्यांच्या वरून आडवं शिवते आहेस. तसं करायचं नाही. सुई मागून वर काढायची ती टाक्याच्या अगदी खालच्या टोकातून. मग वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून आडवी न्यायची आणि निघालीस त्याच भोकात परत उतरायचं. म्हणजे जुन्या टाक्यावर नवा टाका तसाच्या तसा बसतो. ओढायचं नाही, सैल ठेवायचं. शेवट मागच्या बाजूला जिरवायचा, गाठ मारायची नाही, गाठ मानेला टोचते. दिवसा उजेडात खिडकीशी बसून कर.

पानं गळली. झाडाखाली आता सगळीकडे सारखंच ऊन असतं.

मी सांगितलं तसं केलंस तर खाली काय होतं ते कुणालाही कळणार नाही. मी हातात घेऊन बघितलं तरी मला सापडणार नाही.

आजी